मीटरने खाल्लेले व्होल्ट

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी सकाळी लवकर गेलात, तर पान्हे, नळाच्या तोट्या, बंद पडलेले पंखे आणि जुन्या कॅमेऱ्यांच्या ढिगात अधूनमधून एक काळी पेटी दिसते. पुढे काचेखाली अर्धवर्तुळाकार तबकडी, तिच्यावर एक बारीक काटा, खाली दोन मोठी बटणे आणि वर चामड्याचा पट्टा, बहुतेक वेळा तुटलेला. विकणारा तिला ‘करंटचा काटा’ म्हणतो. आतले चुंबक, तांबे आणि पितळ यांचा हिशेब त्याने आधीच करून ठेवलेला असतो. गिऱ्हाईक आले नाही तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पेटी फुटते आणि माल वजनावर जातो.

गेली बावीस वर्षे मी अशा पेट्या गोळा करतो आहे. घरात आज लहानमोठे सदतीस मीटर आहेत. ‘हे सगळे कशाला?’ हा प्रश्न घरच्यांनी आता सोडून दिला असला तरी बाहेरचे विचारतात, आणि जुन्या वस्तूंची आवड एवढे उत्तर दिले की त्यांचे समाधान होते. माझे होत नाही. घड्याळे, दिवे, अडकित्ते जमवणारे माझे स्नेही आहेत. त्यांच्या वस्तू देखण्या असतात. मल्टिमीटर देखणा नसतो. तो जमवण्याचे माझे कारण वेगळे आहे, आणि ते मला एका चुकीतून कळले. ती चूक पुढे सांगतो. आधी ही पेटी कुठून आली ते पाहू.

दोन चुंबकध्रुवांच्या मधे बारीक तारेची गुंडाळी टांगायची, तिच्यातून विद्युतप्रवाह सोडायचा, आणि ती किती वळते ते पाहायचे, ही मूळ युक्ती. फ्रान्समध्ये दारसोन्व्हाल यांनी १८८२ मध्ये अशा रचनेचे उपकरण प्रसिद्धीस आणले. अमेरिकेत एडवर्ड वेस्टन यांनी १८८८ च्या सुमारास त्याला कायमचे चुंबक, घड्याळातल्यासारख्या केसाएवढ्या स्प्रिंगा आणि सरळ काटा देऊन ते प्रयोगशाळेबाहेर नेण्याजोगे केले. आजही काट्याचा कोणताही मीटर उघडा, आत वेस्टनचीच रचना दिसेल. अशा मीटरने व्होल्ट मोजायचे म्हणजे गुंडाळीच्या रांगेत एक मोठा रोध घालायचा. व्होल्टेज जितके जास्त तितका प्रवाह जास्त, तितका काटा पुढे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पुढचा सगळा लेख तिच्यावर उभा आहे. काटा हलवायला जी शक्ती लागते ती मीटर स्वतःजवळून घालत नाही. जे मोजायचे त्यातूनच ती घेतो. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. पातेले मोठे असेल तर चेपून पाहिलेल्या एका शिताचा हिशेब कोणी ठेवत नाही. पण पातेल्यात शितेच चार असतील तर? एक चेपून पाहिले की उरलेला भात ‘मोजण्याआधीचा’ राहत नाही.

हे काही कोणाच्या ध्यानात आले नव्हते असे नाही. बारावीला विज्ञान घेतलेल्यांना प्रयोगशाळेतला तो लांब लाकडी पाट आठवत असेल: त्यावर ताणलेली तार, मीटरपट्टी, आणि गॅल्व्हॅनोमीटरचा काटा शून्यावर येईपर्यंत तारेवरून सरकवायची ती खटकी. पोटेन्शिओमीटर. ही पद्धत पोगेनडॉर्फ यांनी १८४१ मध्ये मांडली. त्यात मोजायच्या विद्युतघटासमोर दुसरे तेवढेच व्होल्टेज उभे करायचे; काटा शून्यावर आला की त्या क्षणी घटातून काहीच प्रवाह घेतला जात नाही. म्हणजे न घेता मोजणे. याच पद्धतीसाठी वेस्टन यांनी १८९३ मध्ये एक प्रमाण घट तयार केला, आणि १९११ पासून २० अंश सेल्सिअसला त्याचे १.०१८३ व्होल्ट हे जगभरच्या प्रयोगशाळांचे प्रमाण झाले. मुलांना हा प्रयोग कंटाळवाणा वाटतो, कारण ‘एवढे करण्यापेक्षा व्होल्टमीटर का लावत नाही?’ याचे उत्तर त्यांना नीट कोणी देत नाही. उत्तर एवढेच, की व्होल्टमीटर घेतो आणि पोटेन्शिओमीटर घेत नाही.

पण खांबाखाली उभ्या असलेल्या माणसाला पाट मांडून बसता येत नाही. ब्रिटिश पोस्ट ऑफिसकडे तेव्हा टपालाबरोबर तार आणि टेलिफोनही होते. तिथले एक अभियंते डोनाल्ड मॅकेडी यांना एकाच कामासाठी अनेक वेगवेगळी उपकरणे बाळगण्याचा वैताग आला होता: प्रवाहासाठी एक, व्होल्टेजसाठी दुसरे, रोधासाठी तिसरे. त्यांनी तिन्ही एका पेटीत बसवली, आणि लंडनच्या ऑटोमॅटिक कॉइल वाइंडर अँड इलेक्ट्रिकल इक्विपमेंट कंपनीने १९२३ मध्ये ती विक्रीला आणली. ॲम्पिअर, व्होल्ट आणि ओहम या शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले एव्हो. पहिल्या एव्होला सात रेंज होत्या आणि तो फक्त एकदिश प्रवाहावर चाले.

या पहिल्या एव्होचा एक आकडा महत्त्वाचा आहे: प्रति व्होल्ट ६० ओहम. मीटरची रेंज जितक्या व्होल्टची, त्याच्या साठपट ओहमचा त्याचा स्वतःचा रोध. हा आकडा जितका लहान, तितका मीटर खादाड. साठ हा फार लहान आकडा आहे. मग मॅकेडींसारख्या जाणत्या माणसाला तो चालला कसा? कारण ते टेलिफोनचे होते. एक्स्चेंजमधल्या जाड बॅटऱ्या, रिलेच्या गुंडाळ्या, मैलोगणती तांब्याच्या तारा, ही मोठी पातेली. त्यातून मीटरने थोडा प्रवाह घेतला तर काही बिघडत नव्हते. एव्होचा जन्म टेलिफोनच्या घरातला आहे, हे विसरले की पुढचा घोटाळा समजत नाही.

कारण नेमक्या त्याच दिवसांत रेडिओ आला. बीबीसीचे प्रक्षेपण नोव्हेंबर १९२२ मध्ये सुरू झाले. आपल्याकडे इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी. रेडिओच्या व्हॉल्व्हला प्रवाह अगदी थोडा लागतो आणि तो लाख-लाख, दहा-दहा लाख ओहमच्या रोधांतून पोहोचवलेला असतो. म्हणजे पातेल्यात चार शिते. आणि मेकॅनिकच्या हातात मात्र टेलिफोनवाल्याचा मीटर.

किती फरक पडतो ते एका साध्या उदाहरणाने पाहू. कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही करता येईल. २०० व्होल्टच्या पुरवठ्यावर एक-एक लाख ओहमचे दोन सारखे रोध एकापुढे एक जोडले. मधल्या सांध्यावर किती व्होल्ट? शाळकरी उत्तर: १००. आणि ते बरोबर आहे, जोवर कोणी मोजायला जात नाही तोवर. आता पहिला, साठ ओहमवाला एव्हो त्याच्या ६०० व्होल्टच्या रेंजवर लावा. त्याचा रोध झाला ३६,००० ओहम. तो खालच्या रोधाच्या बाजूला जोडला गेला. आणि काटा दाखवतो ४२ व्होल्ट. ‘शंभर व्होल्ट मोजायला सहाशेची रेंज कशाला,’ असे म्हणून अधिक बारकाईने वाचण्यासाठी कोणी १२० च्या रेंजवर घेतले, तर काटा जेमतेम १३ वर येईल. मीटर खोटे बोलत नाही. तो लावलेला असताना तिथे खरोखरच ४२ किंवा १३ व्होल्टच असतात. बाकीचे त्याने खाल्लेले असतात.

१९२७ च्या सुधारित एव्होमध्ये हा आकडा सुमारे १६७ वर गेला, आणि १९३६ मध्ये आलेल्या मॉडेल ७ मध्ये ५०० वर. आमच्या उदाहरणात मॉडेल ७ चारशेच्या रेंजवर ८० व्होल्ट दाखवतो, शंभरच्या रेंजवर ५०. एकच सर्किट, एकच मीटर, नुसते बटण फिरवले की उत्तर बदलते.

मॉडेल ७ हा दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे ब्रिटिश रेडिओ-दुरुस्तीचा जणू कुलदैवत होता. अमेरिकेत सिम्प्सन, ट्रिपलेट, वेस्टन या कंपन्यांनी प्रति व्होल्ट २०,००० ओहमचे मीटर युद्धाआधीच काढले होते. ते एव्होच्या मानाने अल्पाहारी. मग ब्रिटिशांनी हट्ट का धरला? माझे मत असे की यात निव्वळ हट्ट नव्हता. लंडनच्या व्यापारी नियतकालिकांतून रेडिओच्या प्रत्येक नमुन्याची सर्व्हिस शीट छापून येत: सर्किटची आकृती, सुट्या भागांची यादी, आणि प्रत्येक व्हॉल्व्हच्या पायांवर किती व्होल्ट असायला हवेत त्याचा तक्ता. या तक्त्यातले आकडे सर्किटमधले ‘खरे’ व्होल्टेज नव्हते. ते मॉडेल ७ ने चारशेच्या रेंजवर मोजलेले होते, आणि तसे तिथे एका ओळीत लिहिलेलेही असे. दुकानातल्या मेकॅनिकच्या बाकावर तोच मीटर असायचा, म्हणून त्याला काट्यावर जे दिसेल तेच छापलेले. दोन्हीकडे तोच मीटर, तीच भूक. आकडा जुळला की सेट ठीक. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने चुकीचे, पण धंद्याच्या दृष्टीने अगदी चोख असा हा व्यवहार होता. दोन दुकानदारांकडे एकाच मापाची, एकाच खोडीची पायली असावी तसा.

फक्त एक अट होती. ती ओळ तक्त्यापासून सुटता कामा नये.

आता माझी चूक. मी रीतसर इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलो नाही. विशीत एका दुकानात टीव्ही-टेपरेकॉर्डर दुरुस्त करता करता जे आले ते आले. स्वतःच्या पैशांनी घेतलेला पहिला डिजिटल मीटर खिशात बाळगण्याचा तो काळ. शेजारी एक निवृत्त शिक्षक राहत. त्यांच्याकडे ब्रिटिश बनावटीचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता, वडिलांच्या वेळचा. त्याची खरखर वाढली म्हणून त्यांनी मला बोलावले. मी त्याची सर्व्हिस शीट एका जुन्या मेकॅनिककडून मिळवली आणि झेरॉक्स काढून आणली. खरखर आवाजाच्या बटणात होती, ती साफ केल्यावर गेली. तिथे थांबायला हवे होते. पण हातात नवा मीटर होता आणि समोर तक्ता होता, म्हणून मी सगळे पाय तपासायला बसलो.

आवाज वाढवणाऱ्या पहिल्या व्हॉल्व्हच्या स्क्रीन ग्रिडवर तक्त्याप्रमाणे २५ व्होल्ट हवे होते. माझा मीटर ५८ दाखवत होता. दुपटीहून जास्त! तिथला दहा लाख ओहमचा रोध खराब होऊन उतरला असणार, असे मी ठरवले. खरे तर तेव्हाच शंका यायला हवी होती. जुन्या कार्बनच्या रोधांचा कल वयाबरोबर वाढण्याकडे असतो, उतरण्याकडे क्वचितच. मी तो काढून नवा दहा लाखांचा घातला. पुन्हा जवळजवळ तेच व्होल्ट. मग बावीस लाखांचा. मग तेहतीस. शेवटी सत्तेचाळीस लाखांचा घातल्यावर मीटरवर २५ आले, आणि मी मोठ्या समाधानाने डाख देऊन पाठ लावली.

रेडिओचा आवाज बारीक आणि घोगरा झाला. ‘वय झालं त्याचं,’ असे मीच गुरुजींना सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि मला पैसेही दिले. सहा-आठ महिन्यांनी त्यांच्याकडे रंगकाम निघाले तेव्हा तो सेट भंगारात गेला.

दहाएक वर्षांनी रद्दीच्या एका गठ्ठ्यात मला तीच सर्व्हिस शीट पूर्ण मिळाली. तक्त्याच्या खाली, पानाच्या अगदी तळाशी ती ओळ होती: मोजमापे एव्हो मॉडेल ७ च्या चारशे व्होल्टच्या रेंजवर. माझ्या झेरॉक्सवर पानाचा तेवढाच भाग कापला गेला होता. मग मी गणित मांडले. मॉडेल ७ चा त्या रेंजवरचा रोध दोन लाख ओहम. तो दहा लाखांच्या रोधातून येणाऱ्या स्क्रीनवर लावला की ५८ चे २५ होतात, अगदी जवळजवळ नेमके. सेट पहिल्यापासून निरोगी होता. मी मात्र त्या व्हॉल्व्हला कायमचे अर्धपोटी ठेवले, आणि तेही एका आकड्यासाठी, जो दुसऱ्या कोणाच्या मीटरचा होता.

त्यानंतर मी मीटर जमवू लागलो.

हे मीटर आपल्याकडे आले ते सरकारी वाटेने. रेल्वे, तार आणि टेलिफोन खाते, सैन्य, आकाशवाणी. माझ्याकडच्या दोन मॉडेल ७ वर लष्करी मालकीची बाणाची खूण आहे. एकाच्या पट्ट्यावर कोणीतरी सुईने अक्षरे कोरली आहेत. महायुद्ध संपल्यावर सैन्याचा शिल्लक माल ‘डिस्पोजल’ या नावाने बाजारात आला आणि मुंबईच्या चोरबाजारापासून लॅमिंग्टन रोडपर्यंत पसरला. पुढे परवान्यांच्या राज्यात आयातीचा नवा मीटर सामान्य मेकॅनिकच्या आवाक्याबाहेरच राहिला. डिस्पोजलचा एव्हो ही ज्याच्याकडे आहे त्याची मिरवायची वस्तू होती. शेजारच्या दुकानदाराने मागितला तर मीटर नव्हे, मीटरसकट माणूस पाठवत.

देशी मीटर बनवणाऱ्यांत नाशिकरोडच्या मोटवाने कंपनीचे नाव महाराष्ट्रातल्या आयटीआयमधून शिकलेल्या कित्येकांच्या ओळखीचे असेल. थोडे विषयांतर होईल, पण या घराण्याची दुसरी ओळख सांगितल्यावाचून राहवत नाही. शिकागो रेडिओ हे त्यांचेच. स्वातंत्र्याआधी काँग्रेसच्या मोठ्या सभांत पुढाऱ्यांचे शब्द मागच्या रांगेपर्यंत पोहोचले ते नानिक मोटवाने यांच्या लाऊडस्पीकरमधून. १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला. त्या खटल्यातल्या आरोपींत नानिक मोटवानेही होते. न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. त्या रेडिओवर लेख, पुस्तके, अलीकडे चित्रपटही आले. जागा बदलत ट्रान्समीटर उभा करायचा म्हणजे प्रत्येक वेळी कोणाला तरी मीटर लावून व्होल्टेज तपासावे लागले असणार. पण बोलणाऱ्याचा इतिहास लिहिला जातो, तपासणाऱ्याचा नाही. असो.

१९५१ मध्ये एव्होचे मॉडेल ८ आले आणि ब्रिटिश मीटरही एकदाचा प्रति व्होल्ट २०,००० ओहमवर पोहोचला. आमच्या दोन रोधांच्या उदाहरणात तो अडीचशेच्या रेंजवर ९९ दाखवतो. सगळ्यांत जास्त काळ टिकलेला हा नमुना, आणि माझ्या मते काट्याच्या मीटरांतला सगळ्यांत शहाणा. चुकीच्या रेंजवर जास्त प्रवाह गेला की याचे एक बटण ‘टक्’ करून वर उडते आणि सर्किट तुटते, काटा वाचतो. ही सोय मॅकेडींच्या घराण्याची खासियत, आणि शिकाऊ मुले असलेल्या दुकानात तिची किंमत सोन्याएवढी. काट्याखाली आरशाची पट्टी असते; काटा आणि त्याचे प्रतिबिंब एकावर एक आले की आपला डोळा बरोबर समोर आहे असे समजायचे. ओहमच्या मोठ्या रेंजसाठी याला १५ व्होल्टची एक वेगळीच बॅटरी लागते. ती आता दुकानात मिळत नाही, म्हणून आम्ही छोटे सेल एकत्र बांधून ती घरी करतो. आणखी एक खोड: ओहम मोजताना याच्या काळ्या वायरीवर धन असते, लालवर ऋण. डिजिटल मीटरवर शिकलेला मुलगा याने डायोड तपासायला बसला की चांगले डायोड उलटे समजून फेकतो. मी तसे फेकलेले डायोड वेचून आणले आहेत.

मॉडेल ८ चे उत्पादन २००८ पर्यंत चालू होते. एवढी वर्षे चाललेला नमुना मागणी संपली म्हणून बंद झाला नाही. त्याचे यांत्रिक भाग मिळणे कठीण झाले म्हणून झाला.

डिजिटल मीटर तोवर घरोघरी आला होता. अमेरिकेत अँड्र्यू के यांच्या कंपनीने पन्नाशीच्या दशकात पहिले अंकी व्होल्टमीटर विकले. ते कपाटाएवढ्या किमतीचे आणि टेबलाएवढ्या जागेचे. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस सगळे काम एका चिपमध्ये आले आणि मीटर मुठीत मावला. त्याचा स्वतःचा रोध सहसा एक कोटी ओहम, रेंज कोणतीही असो. आमच्या उदाहरणात तो ९९.५ दाखवतो. खादाडीचा प्रश्न मिटला असे म्हणायला हरकत नाही.

मिटला, आणि दुसरा उभा राहिला. वायरमनना विचारा. घरातली एक वायर कुठेच जोडलेली नाही, नुसती भिंतीत चालू वायरीच्या शेजारून गेलेली आहे. डिजिटल मीटर तिच्यावर साठ, ऐंशी, शंभर व्होल्ट दाखवतो. ती भुताटकी असते. शेजारच्या वायरीतून हवेतून झिरपलेले, ज्यात बळ काहीच नाही असे व्होल्टेज. काट्याचा मीटर लावला की ते तिथल्या तिथे खाऊन टाकतो आणि काटा शून्यावर बसतो. मीटर काहीच घेत नाही म्हणून त्याला नसलेलेही दिसते. गंमत अशी की आता चांगल्या कंपन्यांच्या डिजिटल मीटरमध्ये ‘लो-झेड’ नावाची एक वेगळी रेंज देतात. त्या रेंजवर मीटर मुद्दाम खादाड होतो, काही हजार ओहमवर उतरतो. म्हणजे भूत ओळखायला पुन्हा मॅकेडींच्या पेटीचीच भूक लागली.

माझ्यासारख्या जमवणाऱ्यांविषयीही थोडे लिहिले पाहिजे. आमच्यात एक जात अशी आहे की जी मीटर मिळाल्याबरोबर त्याला ‘नवा’ करते. बॅकेलाइटला पॉलिश, काचेला पॉलिश, वरचे कागद सोलून टाकायचे, पट्टा नवा. मला हे बघवत नाही. त्या कागदांवर मीटर कोणत्या खात्याचा, शेवटचे कॅलिब्रेशन केव्हा, कोणत्या रेंजवर किती चूक, हे सगळे असते. एका मॉडेल ८ च्या पेटीच्या झाकणात मला शाईने लिहिलेली चिठ्ठी मिळाली: शंभरच्या रेंजवर दोन जास्त दाखवतो. तो मीटर वापरणाऱ्या माणसाने पुढच्या माणसासाठी ठेवलेली. एका सरकारी कार्यशाळेत चाळीसएक मीटर मोडीत काढले गेले तेव्हा मी दाराशी उभा होतो. मीटर वजनावर देता येत होते, पण त्यांची नोंदवही ‘रेकॉर्ड’ असल्याने मला मिळाली नाही. ती नंतर रद्दीत गेल्याचे कळले. मीटर नसता मिळाला तरी चालले असते. वही हवी होती.

जुन्या सर्किटांचे, जुन्या रेडिओ केंद्रांचे, महाविद्यालयांतल्या जुन्या प्रयोगवह्यांचे कागद आता लोक स्कॅन करून जपू लागले आहेत, आणि हे फार चांगले काम आहे. पण स्कॅन करताना समास आणि तळटीप कापू नका, एवढी माझी विनंती आहे. त्या कागदांवरच्या व्होल्टच्या प्रत्येक आकड्यात कोणत्या तरी मीटरचा वाटा वजा झालेला आहे. मीटर माहीत असेल तर तो परत मिळवता येतो. मी वर केले ते गणित दहावीच्या मुलाला जमेल. मीटर माहीत नसेल तर समोरचा आकडा २५ चा की ५८ चा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

माझ्या टेबलावर एक लाकडी फळी कायम असते. तिच्यावर एक-एक लाख ओहमचे दोन रोध, आणि २०० व्होल्टचा पुरवठा. कोणताही मीटर घरात आला की आधी त्या मधल्या सांध्यावर लावतो आणि काटा जे सांगेल ते वहीत लिहितो. त्याची भूक कळते आणि प्रकृतीही. बाण असलेला पहिला मॉडेल ७ चारशेच्या रेंजवर ७८ सांगतो, दुसरा ८१. असायला हवे ८०. ऐंशी वर्षांच्या काट्याला हे पुष्कळ झाले.

वहीच्या पहिल्या पानावर मात्र मीटरची नोंद नाही. गुरुजींच्या रेडिओतून मी काढलेला तो रोध फेकलेला नव्हता, आगपेटीत ठेवला होता. तपकिरी, काळा, हिरवा, आणि शेवटी रुपेरी पट्टा: म्हणजे दहा लाख ओहम, दहा टक्के इकडेतिकडे. पूर्ण सर्व्हिस शीट हाती आली त्या रात्री मी तो मोजला. दहा लाख साठ हजार भरला.